युरोपचं अध्यक्षपद खुर्च्या मांडून कसं शिकावं

२०२६ चा २६ जानेवारी सोमवारी होता. आमचा रविवारचा अभ्यास मी मुद्दाम एक दिवस पुढे ढकलला, म्हणजे दिल्लीचं संचलन सगळ्यांनी मिळून बघता येईल. नेरूळच्या आमच्या घरी दर आठवड्याला आठ मुलं येतात. कुणी राज्यसेवेची तयारी करतंय, कुणी यूपीएससीची. टीव्हीवर पाहुणे आले तेव्हा दिवाळे कोळीवाड्यातून येणारी मुलगी म्हणाली, "काकू, पाहुणे दोन आहेत आणि दोघंही युरोपचे अध्यक्ष. खरा अध्यक्ष कोण?"

एक होत्या उर्सुला फॉन डेर लायन, दुसरे अँटोनियो कोस्टा. मी उत्तर देण्याआधीच एकानं फोनवर शोधून सांगितलं की अध्यक्षपद सध्या सायप्रसकडे आहे. आणखी एकीनं तिच्या नोट्समधून रॉबर्टा मेत्सोला हे चौथं नाव काढलं. चारही नावं बरोबर होती. आणि आठ हुशार मुलांपैकी कुणालाच या चार खुर्च्यांत काय फरक आहे ते सांगता येईना.

मी कोकण भवनात ३१ वर्षं नोकरी केली. त्यातली निम्मी वर्षं बैठकांचं इतिवृत्त लिहिण्यात गेली. टेबलाच्या टोकाला वही घेऊन बसलेल्या माणसाला अध्यक्ष जसा दिसतो तसा तो कुणालाच दिसत नाही. कोणता विषय वर घेतला, कोणता खाली ढकलला, कुणाला आधी बोलू दिलं, वाद पेटल्यावर चहा कधी मागवला, हे सगळं वहीत उमटतं. म्हणून हा विषय मला मनापासून आवडतो. मुलांना तो याद्या पाठ करायला लावून शिकवू नये असं माझं ठाम मत आहे. आम्ही तो खुर्च्या मांडून शिकलो. ती पद्धत इथे लिहिते आहे. तुमचा अभ्यासगट असेल, वर्ग असेल, किंवा घरात एकच परीक्षार्थी असेल, तरी चालेल.

आधी चार चिठ्ठ्या करा

चार कागदांवर चार खुर्च्या लिहा. प्रत्येकीखाली तीनच गोष्टी असू द्या: कोण बसवतं, किती काळासाठी, आणि ती खुर्ची कुणाच्या वतीनं बोलते.

पहिली युरोपीय आयोगाच्या अध्यक्षांची. आयोग म्हणजे युरोपीय संघाचं, म्हणजे २७ देशांच्या संघटनेचं, कार्यकारी अंग. कायद्याचे प्रस्ताव तिथून निघतात. सदस्य देशांचे नेते नाव सुचवतात, युरोपीय संसद निवडते, मुदत ५ वर्षं. फॉन डेर लायन १ डिसेंबर २०१९ पासून इथे आहेत आणि २०२४ पासून त्यांची दुसरी मुदत चालू आहे.

दुसरी नेत्यांच्या कौन्सिलची, म्हणजे युरोपियन कौन्सिलची. इथे देशांचे पंतप्रधान किंवा राष्ट्राध्यक्ष बसतात. ते स्वतःच आपला अध्यक्ष निवडतात, अडीच वर्षांसाठी, आणि तो फार तर एकदाच पुन्हा निवडता येतो. त्या काळात त्याला आपल्या देशात कुठलंही पद ठेवता येत नाही. कोस्टा १ डिसेंबर २०२४ पासून या खुर्चीत आहेत. त्याआधी ते पोर्तुगालचे पंतप्रधान होते. त्यांच्या वडिलांचं घराणं मडगावचं, आणि घरी त्यांना बाबुश म्हणत. आमच्या गटात मालवणचा एक मुलगा आहे, त्याला हे नाव पुन्हा सांगावं लागलं नाही. शिकवताना असा एक धागा हाताशी ठेवावा.

तिसरी खुर्ची मंत्र्यांच्या कौन्सिलची, म्हणजे कौन्सिल ऑफ द युरोपियन युनियनची, आणि हा लेख मुख्यतः तिच्याबद्दल आहे. इथे ज्या विषयाची बैठक असेल त्या खात्याचे सगळ्या देशांचे मंत्री बसतात. ही खुर्ची माणसाची नसून देशाची असते. दर सहा महिन्यांनी ती पुढच्या देशाकडे जाते. जानेवारी ते जून २०२६ सायप्रस, जुलैपासून आयर्लंड.

चौथी संसदेच्या अध्यक्षांची. आपल्या लोकसभेच्या अध्यक्षांशी तिची तुलना करता येते. मुदत अडीच वर्षं. मेत्सोला जानेवारी २०२२ पासून तिथे आहेत.

मग पाचवा कागद घ्या आणि त्यावर मोठी फुली मारून लिहा: कौन्सिल ऑफ युरोप. ही १९४९ ची वेगळीच संघटना आहे, स्ट्रासबर्गला, ४६ देशांची, आणि तिचा युरोपीय संघाशी घरोबा नाही. तीन नावांत 'कौन्सिल' आणि 'युरोप' हेच शब्द उलटसुलट येतात, त्यामुळे मुलं इथेच गुण घालवतात. आम्ही वहीत सरळ 'नेत्यांचं' आणि 'मंत्र्यांचं' असं मराठीत लिहायला लागलो आणि गोंधळ थांबला. उत्तरपत्रिकेत अधिकृत नाव लिहा, पण डोक्यात मराठी ठेवा.

चिठ्ठ्या झाल्या की मुलांना अंकाराचा प्रसंग सांगा. ६ एप्रिल २०२१ ला नेत्यांच्या कौन्सिलचे तेव्हाचे अध्यक्ष शार्ल मिशेल आणि फॉन डेर लायन तुर्कस्तानच्या अध्यक्षांना भेटायला गेले. खोलीत मध्यभागी खुर्च्या दोनच होत्या. एकीवर एर्दोगान बसले, दुसरीवर मिशेल. फॉन डेर लायन क्षणभर उभ्या राहिल्या आणि मग बाजूच्या सोफ्यावर बसल्या. एका स्त्रीला बाजूला बसवलं गेलं म्हणून त्यावर खूप टीका झाली आणि ती रास्तच होती. पण आपल्या विषयापुरतं बघितलं तर त्या खोलीत संघाच्या रचनेचाच प्रश्न उघडा पडला होता: दोन अध्यक्ष एकत्र गेले तर मधल्या खुर्चीवर कुणी बसायचं? आम्ही हा प्रसंग बैठकीच्या खोलीत तीन जणांना उभं करून करून पाहिला. दोन खुर्च्या, तीन माणसं. नंतर कुणालाही पहिली आणि दुसरी चिठ्ठी परत वाचावी लागली नाही.

इतिहास कारणांनी धरा

साल पाठ करण्यापेक्षा दर वेळी एकच प्रश्न विचारा: खुर्ची का बदलावी लागली?

सुरुवात १९५२ ची. आजच्या संघाचं पूर्वरूप असलेल्या कोळसा आणि पोलाद समुदायात सहा देश होते आणि मंत्र्यांच्या बैठकीचं अध्यक्षपद तीन-तीन महिन्यांनी फिरत असे. १९५८ मध्ये आर्थिक समुदाय सुरू झाला तेव्हा मुदत सहा महिन्यांची झाली. पहिली पाळी बेल्जियमची. क्रम वर्णानुक्रमानं, पण प्रत्येक देशाचं नाव त्याच्या स्वतःच्या भाषेत धरून. जर्मनी म्हणजे डॉइचलांड, म्हणून ती फ्रान्सच्या आधी. मुलांना हे स्वतः लावू द्या: बेल्जिक, डॉइचलांड, फ्रान्स, इतालिया, लक्झेंबर्ग, नेदरलांड. सहा नावं, तीन वर्षांत एक फेरी.

इथे एक छोटी गंमतीची अडचण आहे. ती मुलांना स्वतः सापडली तर त्यांचे डोळे चमकतात. देशांची संख्या सम असली की प्रत्येकाच्या वाट्याला दर फेरीत वर्षाचा तोच अर्धा भाग येतो. बेल्जियम कायम जानेवारीत. आणि दोन्ही सहामाह्या सारख्या नसतात. दुसरीत ऑगस्टची सुट्टी असते, अंदाजपत्रकाची ओढाताण असते. १९८६ मध्ये स्पेन आणि पोर्तुगाल आल्यावर देश १२ झाले आणि हाच प्रश्न उभा राहिला. उपाय साधा निघाला: पुढच्या फेरीत जोड्या उलट्या करायच्या. १९८७ मध्ये आधी बेल्जियम, मग डेन्मार्क. १९९३ मध्ये आधी डेन्मार्क, मग बेल्जियम.

आता १९६५. इथे थांबा, घाई करू नका.

३० जून १९६५ च्या रात्री ब्रुसेल्समध्ये शेतीच्या खर्चावरून वाद चालला होता. आयोगाला समुदायासाठी स्वतःचं उत्पन्न हवं होतं, संसदेला जास्त अधिकार द्यायचे होते. शिवाय जानेवारी १९६६ पासून बऱ्याच विषयांत बहुमतानं निर्णय होणार होते, म्हणजे फ्रान्सच्या मनाविरुद्धही निर्णय झाला असता. फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांना यातलं काहीच मान्य नव्हतं. आणि त्या सहामाहीत अध्यक्षपद कुणाकडे होतं? फ्रान्सकडेच. त्यांचे परराष्ट्रमंत्री कूव्ह द म्युरव्हिल अध्यक्षाच्या खुर्चीत बसले होते. मध्यरात्र उलटल्यावर त्यांनी सहमती होत नाही म्हणून बैठक संपवली. आदल्या अशा बैठकांत घड्याळ थांबवल्यासारखं करून पहाटेपर्यंत बोलणी ओढली जात. या वेळी ज्याच्या हातात घड्याळ होतं त्यालाच थांबायचं होतं. त्यानंतर फ्रान्सनं आपला प्रतिनिधी परत बोलावला आणि सात महिने मंत्र्यांच्या बैठकीत त्याची जागा रिकामी राहिली. याला रिकाम्या खुर्चीचा पेच म्हणतात.

बैठका लिहिणाऱ्या बाईला यात जे दिसतं ते पुस्तकात सहसा दोन ओळींत उरकतात. अध्यक्षाची ताकद निर्णय लादण्यात नव्हती. बैठक चालू ठेवायची की संपवायची, एवढंच त्याच्या हातात होतं, आणि तेवढ्यानं सहा देशांचं गाडं अडलं.

नंतरचे सहा महिने इटली अध्यक्ष होता आणि उरलेले पाच जण भेटत राहिले. जानेवारी १९६६ मध्ये पाळी लक्झेंबर्गची आली. सहांतला सर्वांत लहान देश. त्याचे पंतप्रधान पिएर वेर्नर यांच्या अध्यक्षतेखाली बैठक लक्झेंबर्गमध्येच झाली, आयोगाला बाहेर ठेवून, आणि फ्रान्स परत टेबलाशी आला. जो मजकूर ठरला त्याला लक्झेंबर्ग तडजोड म्हणतात. एखाद्या देशाचा फार महत्त्वाचा हितसंबंध असेल तर सर्वसंमतीचा प्रयत्न करायचा, असं त्यात आहे. फ्रान्सचं म्हणणं होतं की सर्वसंमती होईपर्यंत चर्चा थांबवायचीच नाही. उरलेल्यांना ते मान्य नव्हतं. मग त्यांनी काय केलं? सर्वसंमती झालीच नाही तर काय करायचं यावर आमच्यात मतभेद आहेत, हेच नोंदवून ठेवलं. मी आयुष्यभर इतिवृत्तं लिहिली. मतभेद झाकण्यासाठी वापरलेली वाक्यं मी शेकड्यांनी लिहिली असतील. मतभेद आहे असं स्वच्छ लिहून ठेवणं आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागणं, याचं मोल मला फार वाटतं.

१९७० चं दशक भराभर घ्या. देशांचे नेते अधूनमधून भेटत होते. डिसेंबर १९७४ मध्ये पॅरिसला फ्रान्सचे अध्यक्ष जिस्कार देस्तँ यांच्या पुढाकारानं ठरलं की हे भेटणं नियमित करायचं. मार्च १९७५ मध्ये डब्लिनला नेत्यांच्या कौन्सिलची पहिली बैठक झाली, कारण पाळी आयर्लंडची होती. म्हणजे आता फिरत्या खुर्चीत बसणाऱ्या देशावर दोन कामं आली: मंत्र्यांच्या बैठका चालवायच्या आणि नेत्यांचीही बैठक बोलवायची, तीही आपल्या गावात. म्हणून त्या काळच्या निर्णयांना शहरांची नावं चिकटली आहेत. नव्या देशांना प्रवेश देण्याचे कोपनहेगन निकष १९९३ चे, तेव्हा अध्यक्ष डेन्मार्क. मुलांनी असं नाव ऐकलं की आधी विचारावं, त्या सहामाहीत पाळी कुणाची होती?

मग देश वाढत गेले. १९७३ मध्ये ९, १९८१ मध्ये १०, १९८६ मध्ये १२, १९९५ मध्ये १५, २००४ मध्ये एकदम २५, २००७ मध्ये २७. मुलांना भागाकार करू द्या. सहा देश असताना दर तीन वर्षांनी पाळी यायची, २७ झाल्यावर साडेतेरा वर्षांनी. एका देशाचा अनुभवी अधिकारी वर्ग पुढची पाळी येईपर्यंत निवृत्त झालेला असतो.

दोन सहामाह्या शेजारी ठेवल्या की पुढचा बदल आपोआप कळतो. २००८ च्या उत्तरार्धात अध्यक्ष फ्रान्स. ऑगस्टमध्ये जॉर्जियात युद्ध पेटलं, तेव्हा फ्रान्सचे अध्यक्ष सार्कोझी स्वतः मॉस्को आणि तिबिलिसीला गेले. सप्टेंबरमध्ये जगभरच्या बँका कोसळायला लागल्या, तेव्हाही तेच पुढे. लगेच पुढची सहामाही चेक प्रजासत्ताकाची. मार्च २००९ मध्ये तिथल्या संसदेनं सरकारवर अविश्वास ठराव मंजूर केला आणि अध्यक्ष देशाचं सरकारच पडलं. सहा महिन्यांपूर्वी संघाच्या वतीनं युद्ध थांबवायला धावणारी खुर्ची आता स्वतःच्या घरी डळमळत होती. यात चेक लोकांना दोष द्यायचं कारण नाही. सरकारं पडतात. पण २७ देशांचा आवाज कुणा एकाच्या घरच्या राजकारणावर टांगलेला असू नये, हे सगळ्यांना दिसलं.

लिस्बन तहावर त्याआधीच, १३ डिसेंबर २००७ ला सह्या झाल्या होत्या. तो १ डिसेंबर २००९ ला लागू झाला आणि एका खुर्चीच्या तीन झाल्या. नेत्यांच्या बैठकीला अडीच वर्षांचा कायम अध्यक्ष मिळाला. पहिले बेल्जियमचे हर्मन व्हान रॉम्पाय, मग पोलंडचे डोनाल्ड टुस्क, मग मिशेल, आता कोस्टा. परराष्ट्रमंत्र्यांच्या बैठकीची खुर्ची संघाचं परराष्ट्र धोरण सांभाळणाऱ्या उच्च प्रतिनिधीकडे गेली. सध्या तिथे एस्टोनियाच्या काया कालास आहेत. उरलेलं सगळं, म्हणजे मंत्र्यांच्या कौन्सिलच्या दहापैकी नऊ रूपांची अध्यक्षता, फिरत्या पाळीकडेच राहिली: अर्थ, शेती आणि मत्स्यव्यवसाय, पर्यावरण, न्याय वगैरे. त्याखाली दीडशेहून जास्त कार्यगट. खरं कष्टाचं काम तिथे चालतं.

पाळी तुटक होऊ नये म्हणून तीन देश मिळून १८ महिन्यांचा कार्यक्रम आखतात. पोलंड, डेन्मार्क, सायप्रस हे असं एक त्रिकूट. त्यांच्यानंतर आयर्लंड, लिथुआनिया, ग्रीस. आणि यादी आता वर्णानुक्रमानं लागत नाही. मोठे-छोटे, जुने-नवे देश मिसळून ती आधीच ठरवली जाते. २०३० पर्यंतची यादी ठरलेली आहे. २०१६ मध्ये ब्रिटननं संघ सोडायचा कौल दिला आणि २०१७ च्या उत्तरार्धाची आपली पाळीही सोडली. तेव्हा सगळी रांग सहा महिने पुढे सरकली आणि एस्टोनियाला ठरल्यापेक्षा आधी उभं राहावं लागलं.

आपल्या ओळखीची एक फिरती खुर्ची शोधा

आमच्याकडे ती शोधावी लागली नाही. आमच्या सात सोसायट्यांमध्ये एक बाग, एक पंपघर आणि आतला रस्ता सामायिक आहे. त्यासाठी संयुक्त समिती आहे आणि तिचं अध्यक्षपद सहा-सहा महिन्यांनी एकेका इमारतीकडे जातं. तुमच्याकडे गणेशोत्सव मंडळ असेल, भिशी असेल, महिला मंडळ असेल. जिथे खुर्ची फिरते ते कुठलंही उदाहरण घ्या.

आमच्या इमारतीची पाळी एकदा नेमकी उन्हाळ्यात आली आणि मी अध्यक्ष झाले. पाण्याचा दाब कमी झाला होता. पंप कुठल्या इमारतीसाठी किती वेळ चालवायचा हा वाद. आमची इमारत पंपघरापासून सर्वांत लांब, आमच्या वरच्या मजल्यांना पाणी सर्वांत कमी. पहिल्या बैठकीत मी अध्यक्ष म्हणून विषय मांडला आणि त्याच दमात आमच्या इमारतीचं गाऱ्हाणंही मांडलं. समोरच्या सहा जणांचे चेहरे बंद झाले. दुसऱ्या बैठकीपासून मी आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना इमारतीच्या वतीनं बोलायला बसवलं आणि स्वतः फक्त बैठक चालवली. वहिनी माझ्यापेक्षा कडक बोलल्या, तरी तोडगा निघाला.

पुढे बऱ्याच वर्षांनी कळलं की मंत्र्यांच्या कौन्सिलमध्ये हेच करतात. अध्यक्ष देशाचा मंत्री खुर्चीत बसतो आणि त्याच देशाचा दुसरा माणूस देशाच्या जागेवर बसून देशाची बाजू मांडतो. अध्यक्षाला जादा मतही नसतं.

उलटा अनुभवही आमच्या समितीला आहे. एका अध्यक्षांनी कुणाला न विचारता रस्त्याच्या कामाचा शब्द एका कंत्राटदाराला समितीच्या नावानं देऊन टाकला. सहा इमारतींनी तो मानला नाही आणि पावसाळाभर रस्ता तसाच राहिला. हा प्रसंग मी मुलांना सांगते आणि मग जुलै २०२४ कडे वळते. तेव्हा हंगेरीची पाळी नुकतीच सुरू झाली होती. पंतप्रधान ओर्बान आधी कीव्हला, मग मॉस्कोला, मग बीजिंगला गेले, युक्रेनमधलं युद्ध थांबवण्याची बोलणी म्हणून. बाकी नेत्यांनी स्पष्ट केलं की फिरत्या अध्यक्षपदाला संघाच्या वतीनं बाहेर बोलण्याचा अधिकार नाही. त्यानंतर हंगेरीतल्या अनौपचारिक बैठकांना आयोगानं आयुक्तांऐवजी अधिकारी पाठवले. मुलांना विचारा: लिस्बन तहानंतर हा अधिकार कुठल्या दोन खुर्च्यांकडे गेला? एक खुर्ची समोरच्या चिठ्ठ्यांत सापडते, नेत्यांच्या कौन्सिलच्या अध्यक्षांची. दुसरी, उच्च प्रतिनिधीची, आठवावी लागते.

आता बैठक भरवा

एवढं झालं की प्रत्यक्ष बैठक. २७ माणसं लागत नाहीत. आम्ही नऊ देश घेतले. सात मुलं, आणि बागेतल्या बाकावर रोज संध्याकाळी बसणारे संयुक्त समितीतले दोन आजोबा. आठवी मुलगी अध्यक्ष. मी सचिवालय, म्हणजे वही आणि घड्याळ. जागा आमच्या सोसायटीचं तळमजल्यावरचं ऑफिस.

विषय असा निवडा की त्यात कुणाचं तरी पोट असेल. आम्ही मासेमारीचा कोटा घेतला. युरोपात पुढच्या वर्षी कुठल्या समुद्रात कुठला मासा किती पकडायचा हे डिसेंबरमध्ये मंत्री ठरवतात, आणि त्या बैठका रात्र-रात्र चालतात. दिवाळ्याच्या मुलीचे वडील होडी घेऊन खाडीत जातात. पावसाळ्यातली बंदी, कमी झालेलं पापलेट, डिझेलचा खर्च, हे तिनं घरात ऐकलेलं. म्हणून तिलाच अध्यक्ष केलं, आणि देश डेन्मार्क, कारण डिसेंबर २०२५ मध्ये पाळी त्यांचीच होती. डेन्मार्कच्या जागेवर दुसरा मुलगा बसला.

प्रत्येकाला एक चिठ्ठी द्या: देश, लोकसंख्या, आणि फक्त त्यालाच माहीत असलेली एक अट. लोकसंख्या आम्ही ढोबळ धरली: जर्मनी ८.४ कोटी, फ्रान्स ६.८, स्पेन ४.९, पोलंड ३.७, पोर्तुगाल १.१, ऑस्ट्रिया ०.९, डेन्मार्क ०.६, आयर्लंड ०.५ आणि माल्टा साडेपाच लाख. ऑस्ट्रिया मुद्दाम घ्या. समुद्र नसलेला देश माशांवर मत का देतो, हा प्रश्न येतोच, आणि त्यातून समजतं की मंत्र्यांच्या कौन्सिलमध्ये प्रत्येक विषयावर सगळे बसतात.

मतदानाचा नियम फळ्यावर लिहा. पात्र बहुमतासाठी ५५ टक्के देश हवेत, म्हणजे २७ पैकी १५, आणि त्यांच्यात संघाची ६५ टक्के लोकसंख्या हवी. लोकसंख्येच्या जोरावर ठराव अडवायचा तर किमान चार देश लागतात. हा चारचा नियम का? जर्मनी, फ्रान्स, इटली या तिघांतच संघाची जवळपास निम्मी लोकसंख्या आहे. तिघांनी ठरवलं असतं तर बाकी चोवीस जणांचं काहीच चाललं नसतं. आमच्या नऊ देशांत ५ देश आणि साडेसतरा कोटी हा आकडा झाला.

मग अध्यक्षाला तीन साधनं द्या. एक, विषयपत्रिका: काय आधी घ्यायचं ते ती ठरवते. दोन, मसुदा: आयोगाचा प्रस्ताव समोर असतो, पण त्यात बदल करून तडजोडीचा कागद अध्यक्षच पुढे करते. तीन, एकेकाला बाजूला घेऊन बोलणं. युरोपात याला कन्फेशनल म्हणतात, चर्चमध्ये पाद्र्यासमोर एकट्यानं कबुली देतात त्यावरून. टेबलावर सगळे ताणून बोलतात. खरी अट दाराआड कळते. आम्ही ही फेरी जिन्यात घेतली, प्रत्येकाला दोन मिनिटं. घड्याळ काटेकोर ठेवा, नाहीतर फक्त बडबड्या देशांचं ऐकलं जातं.

आमच्या खेळातला प्रस्ताव होता कॉड या माशाचा कोटा ३० टक्क्यांनी कमी करण्याचा. पहिल्या फेरीत सगळ्यांनी भाषणं केली. फ्रान्स आणि स्पेन कडाडून विरोधात. स्पेनच्या जागेवर आमचे एक आजोबा होते. ते संयुक्त समितीतही सहज हलत नाहीत. जिन्यातल्या फेरीत अध्यक्षाला कळलं की फ्रान्सला आकड्यापेक्षा लहान होड्यांची काळजी आहे. तिनं दुसरा मसुदा केला: २० टक्के, दोन वर्षांत विभागून.

मी वहीत हिशेब मांडला आणि चिठ्ठीवर लिहून तिच्यापुढे सरकवला. बाजूनं सात देश, साधारण सव्वापंधरा कोटी. साडेसतरा भरत नाहीत. पण विरोधात दोनच देश आहेत, चार नाहीत, म्हणजे ठराव अडत नाही. आत्ता मत घेतलं तर मंजूर. सचिवालय खऱ्या कौन्सिलमध्येही हेच करतं: अध्यक्षाच्या कानाशी हिशेब ठेवतं.

तिनं चिठ्ठी वाचली आणि मत घेतलं नाही. म्हणाली, "काकू, दहा मिनिटं द्या," आणि फ्रान्सला परत जिन्यात नेलं. तिसऱ्या मसुद्यात लहान होड्यांसाठी कोट्यातला वेगळा वाटा आला. फ्रान्स बाजूनं झाला. स्पेन शेवटपर्यंत विरोधात राहिला आणि आजोबांनी मला सांगून आपला विरोध इतिवृत्तात शब्दशः लिहून घेतला. आठ विरुद्ध एक.

नंतर मी तिला विचारलं, जिंकत होतीस तर थांबलीस का? ती म्हणाली, जाळी सगळ्यांची त्याच पाण्यात पडतात, दोन मोठे देश रुसून गेले तर पुढच्या डिसेंबरला परत तेच. बऱ्याच विषयांत मंत्र्यांचं कौन्सिल प्रत्यक्ष मत न घेता सहमतीनंच का निर्णय करतं, हे मी तिला अजून सांगितलं नव्हतं.

बैठक झाली की त्याच दिवशी प्रत्येकानं एक पान इतिवृत्त लिहावं. दुसऱ्या दिवसावर टाकू नका. परीक्षेत १५० शब्दांत लिहायचं उत्तर याच पानातून निघतं. आधी खुर्ची कुठली ते स्पष्ट करा, मग ती का बदलली याची दोन कारणं सालासह, मग आज तिच्याकडे काय उरलं आहे ते. उदाहरण एकच द्या, पण नीट द्या.

पुढच्या वेळी आम्ही आयर्लंडला खुर्चीत बसवणार आहोत. त्याची मागची पाळी १ जानेवारी २०१३ ला सुरू झाली होती, आताची १ जुलै २०२६ ची. मधलं अंतर मोजायचं काम मालवणच्या मुलाकडे दिलं आहे. आजोबांनी या वेळी माल्टा मागितला आहे.